गुंडेल्सहाइमला ग्रिट्स शिकायला

त्या रविवारी मी तळघरातल्या मशीनमधून धुतलेले कपडे टोपलीत भरून चार जिने वर आणले. चादरी बाल्कनीत वाळत घातल्या, तुळशीला पाणी घातलं, दुकानात परत द्यायच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून दाराशी ठेवल्या. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतून लाकडी चमचा पातेल्याच्या बुडावरून फिरल्याचा आवाज येत होता. मी डोकावले तर हे पाठमोरेच म्हणाले, "अजून अर्धा तास. तू वाच जा." मी पुस्तक घेऊन खिडकीशी बसले. अर्ध्या तासानं दोन खोलगट बश्या आल्या. वर लोणी वितळत होतं, काळी मिरी भुरभुरलेली. आम्ही खाल्लं, मी बश्या धुतल्या, मोजे जोडीनं लावले. दुपारी काय केलं ते आता आठवतसुद्धा नाही.

तो काही शेवटचा रविवार नव्हता. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. फ्रँकफर्टला आल्यापासूनचे आमचे रविवार असेच गेले. आठवडाभर मी रांधायचं आणि रविवारची न्याहारी यांनी करायची. पदार्थ एकच, ग्रिट्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पांढरा मका भरड दळला की ज्या कण्या होतात त्या पाण्यात मंद शिजवायच्या, लोणी घालून खिरीसारख्या मऊ करायच्या. गोड नाही, खारट. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सकाळी हे खातात.

नगरचा माणूस हे कुठं शिकला, तर इथंच, जर्मनीत. लग्नानंतर दोन वर्षांनी हे हाइलब्रोनला एका ओळखीच्यांच्या हॉटेलात कामाला आले. तिथं जमलं नाही, तेव्हा जवळच्या अमेरिकन लष्करी छावणीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागले आणि हळूहळू न्याहारीचे मदतनीस झाले. चार वर्षं. मी तेव्हा सासरी होते, आमचा मंदार रांगत होता. पुढं यांना फ्रँकफर्टच्या विमानतळावर स्वयंपाकघरात काम मिळालं आणि मी मंदारला घेऊन आले. ती छावणीही नंतर उठून गेली. त्या चार वर्षांबद्दल हे फारसं बोलले नाहीत. तिथून घरी आले ते एवढे ग्रिट्सच.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये हे गेले. या एप्रिलमध्ये वर्षश्राद्ध आलं. श्राद्धाच्या पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं असतं. नगरहून मोठ्या जाऊबाईंनी व्हिडिओवर विचारलं, "काय गं, पानात काय काय करणारेस?"

"खीर, वडे, भाज्या, कढी. आणि ग्रिट्स."

"ते काय असतं?"

"मक्याच्या कण्या म्हणा."

"अगं बाई! भाऊजींच्या श्राद्धाला कण्या? जर्मनीत राहून? लोक काय म्हणतील?"

"लोक कोण येणार आहेत वहिनी? मंदार आणि यूलिया."

"त्यापेक्षा पुरण कर. त्यांना पुरण आवडायचं."

"आवडायचं. पण रविवारी उठून स्वतःच्या हातानं करायचे ते हेच."

मग म्हणाल्या, "कर बाई. पण नीट कर हो. बिघडलेलं वाढू नकोस त्यांच्या पानात."

घोडं तिथंच अडलं होतं. मला ग्रिट्स येत नव्हते. इतकी वर्षं खाल्ले, पण पातेल्यात काय चाललंय ते एकदाही उभं राहून पाहिलं नाही. रविवारचा तो तास माझा वाचायचा. माझं शाळेतलं शिक्षण नववीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातून पुस्तकं आणून, आणि त्यातलं बरंचसं रविवारी सकाळी. त्यामुळे ना मी विचारलं, ना यांनी सांगितलं.

मार्चपासून करून पाहत होते. रेल्वे स्टेशनच्या मागच्या आफ्रिकन दुकानातून हे पांढऱ्या मक्याचा भरडा आणायचे, तोच आणला. पहिल्यांदा मोकळे सुटे झाले. दुसऱ्यांदा पाणी वाढवलं, तर दाणे एकीकडे आणि पाणी एकीकडे. तिसऱ्यांदा दूध घातलं, ते बुडाला लागलं. चौथ्यांदा गुठळ्या. चारही वेळा मीच खाल्ले, कारण टाकवत नाही.

आणि मग मला लुसीलबाई आठवल्या. दर नाताळला गुंडेल्सहाइम नावाच्या गावाहून यांना एक कार्ड यायचं. आत एकच ओळ, "अजून ढवळतोस का?" आणि खाली सही. हे हसायचे आणि उलट कार्ड पाठवायचे, "दर रविवारी." छावणीच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य स्वयंपाकीण, एवढंच मला माहीत. या नाताळलाही यांच्या नावानं कार्ड आलं होतं. तेव्हा उत्तर द्यायचा धीर झाला नव्हता. मार्च संपता संपता मी पत्र लिहिलं, हे गेल्याचं कळवलं, आणि खाली आपलं काम लिहिलं. चौथ्या दिवशी फोन. बाईंचं जर्मन खास त्या भागातलं, पण त्याला अमेरिकन हेल.

"ये," त्या म्हणाल्या. "पण आदल्या दिवशी ये. वीस मिनिटांत ग्रिट्स करणाऱ्या बायका माझ्या दारात चालत नाहीत."

असा हा प्रवास ठरला. तिथी रविवारची, तिच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी निघायचं, मंदारकडे एक रात्र, लुसीलबाईंकडे एक रात्र, रविवारी परत. म्हणजे शिकायला एक सकाळ आणि सरावाला मधले सहा दिवस.

शुक्रवार

कुणाला जायचं असेल तर वाट सोपी आहे. डॉइचलांटिकेट, म्हणजे महिन्याला साठेक युरोचं ते देशभर चालणारं तिकीट, बऱ्याच जणांकडे असतंच. त्यावर वेगळा पैसा पडत नाही, फक्त जलद गाड्यांत बसायचं नाही. फ्रँकफर्टहून हायडेलबर्ग, तिथं बदलून नेकारसुल्म. खिडकी धरायची असेल तर हायडेलबर्गनंतर नदी दिसेल त्या बाजूची धरा. नेकार नदी गाडीच्या बरोबरीनं चालते, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, लाल दगडाच्या गढ्या दिसतात. एप्रिलमध्ये झाडांना पोपटी पालवी होती. मी डब्यात थालीपीठ आणि लोणचं नेलं होतं. हायडेलबर्गला गाडी बदलताना एक कॉफी घेतली, तेवढाच वरखर्च. मी पुस्तकही नेलं होतं, पण उघडलं नाही. हे पहिल्यांदा याच रस्त्यानं गेले असतील का, एवढंच डोक्यात चाललं होतं. तेव्हा यांचं वय आजच्या मंदारपेक्षा कमी.

मंदार नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. स्टेशनवर घ्यायला आला. "आई, तू एवढं सामान? दोनच दिवसांचं आहे ना?"

"पातेलं आणलंय बाबांचं."

"पातेलं? त्या बाईंकडे पातेलं नसणारे का?"

"आपलं असलेलं बरं."

संध्याकाळी मी त्याच्या स्वयंपाकघरात पाचव्यांदा केले. नेहमीसारखं कढईत तूप टाकलं, भरडा खमंग भाजला, कडेनं उकळतं पाणी घातलं, झाकण ठेवून वाफ आणली. यूलियानं बशीत घेतले. ती माझी जर्मन सून, मला आईच म्हणते आणि वाढलेलं सगळं खाते.

"आई, छान लागतंय," ती म्हणाली.

मंदारनं एक घास खाल्ला. "हा उपमा आहे."

"मला माहितेय."

"चांगलाय. मी अजून घेईन. पण उपमा आहे." मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "आल्झो, म्हणजे, आई, एक बोलू? तू खीर-वडे कर ना नेहमीचे. इतका त्रास कशाला? बाबांना काय कळणार आहे आता?"

मी उठून कढई घासायला घेतली. यूलिया त्याला जर्मनमध्ये हळू आवाजात काहीतरी म्हणाली. त्यानं मान खाली घातली. थोड्या वेळानं तो माझ्याशेजारी फडकं घेऊन उभा राहिला आणि मी धुतलेलं एकेक भांडं पुसायला लागला. पोरगा वाईट नाही. वडील गेल्यापासून त्याला त्यांच्याविषयी बोललेलं सहन होत नाही, म्हणून तो विषय मिटवू पाहतो. माझं उलट आहे. मला वाटतं कुणीतरी बोलावं.

शनिवार

नेकारसुल्महून गुंडेल्सहाइमला ट्रामसारखी छोटी गाडी जाते, वीस-पंचवीस मिनिटं. मी दुपारच्या गाडीनं गेले. गाव एवढंसं आहे. वर किल्ला, किल्ल्याच्या बाजूला द्राक्षांचे उतार, खाली नदी आणि नदीवरून संथ जाणाऱ्या मालवाहू बोटी. वेली नुकत्याच छाटलेल्या होत्या, तारांना बांधलेल्या, पानं अजून नखाएवढी. चौकातल्या बेकरीत ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव मिळतो, लोणी लावलेला घ्या. वर किल्ल्यापर्यंत चढायला माझ्यासारखीला वीस मिनिटं लागली, पातेल्यासकट. वरून नदीचं वळण दिसतं. तिथल्या बाकावर बसून मी ब्रेत्सेल खाल्ला आणि मग घर शोधत खाली आले.

लुसीलबाईंनी दार उघडलं. वय ऐंशीच्या पुढं, उंच, हातात काठी, कानात मोठे डूल. मी त्यांना झी, म्हणजे अहोजाहो, करत होते, ते त्यांनी दारातच थांबवलं. "दू म्हण. श्रीची बायको मला झी म्हणणार असेल तर मी म्हातारी झाले." यांचं नाव श्रीकांत. तिथं सगळे श्री म्हणायचे हे मला तेव्हा कळलं.

चहा झाला. त्यांच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. इथल्याच द्राक्षमळ्यात काम करणारे, सहा वर्षांपूर्वी गेलेले. त्यांच्यासाठीच बाई छावणी उठल्यावर मागं राहिल्या. मी फोटोकडे बघत होते, तर त्या म्हणाल्या, "त्यांना ग्रिट्स आवडायचे नाहीत. चाळीस वर्षं बटाटेच खाल्ले. तुझा नशीबवान."

मग खुर्चीत नीट बसून म्हणाल्या, "सांग. कसे करतेस?"

मी सांगितलं. कढई, तूप, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं...

"भाजायचं?"

"हो. थोडा रंग बदलेपर्यंत."

त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग काठी बाजूला टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला जरा रागच आला.

"थांब, रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "श्री भांड्यांवरून न्याहारीवर आला ना, त्याचा पहिला दिवस. मला दात दुखत होता, मी उशिरा आले. येऊन बघते तर यानं सगळं पोतं लोण्यात भाजून ठेवलेलं! अख्ख्या स्वयंपाकघरात लाह्यांचा वास. मला म्हणतो, आमच्याकडे असंच करतात, आता एकेक दाणा सुटा होईल. मी म्हटलं, बाबा रे, सुटा कशाला व्हायला हवाय? वेळ नव्हता, तेच शिजवून वाढलं. सैनिक चावतायत, चावतायत. एक सार्जंट बशी घेऊन आत आला आणि विचारतो, ही वाळू कुणी केली?"

"मग?"

"श्रीनं हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा."

मी हसले. गेल्या वर्षभरात असं हसले नव्हते. आणि हसता हसता सगळं लक्षात आलं. जर्मनीत आल्यापासून आम्ही दुकानातून जो गव्हाचा रवा आणतो त्याला इथं ग्रीस म्हणतात. मक्याच्या भरड्याच्या पाकिटावरही ग्रीसच लिहिलेलं असतं, आणि दिसायलाही पांढरा, रव्यासारखा. असा दाणा हातात आला की आपला हात आपोआप कढईकडे जातो. उपमा असो, शिरा असो, आधी भाजायचं आणि मोकळा झाला की शाबासकी. दाणा भाजला की तो मिटतो, पाण्यात आपलं काही सोडत नाही. इथं तर त्यानं सगळं सोडायला हवं. सासूबाई ताकातल्या ज्वारीच्या कण्या करायच्या, त्या कधी भाजायच्या नाहीत. ते मीही पाहिलं होतं आणि यांनीही. पण रव्यासारखं दिसलं की रवाच सुचतो. मी पाच वेळा जी चूक केली तीच यांनी इथं पहिल्या दिवशी केली होती, दोन-तीनशे माणसांसमोर.

"मग त्याला मी नीट करून दाखवले," लुसीलबाई म्हणाल्या. "पहिला चमचा खाल्ला आणि मागच्या दारानं बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, कांदा चिरत होतो."

त्यांनी काठी उचलून परत खुर्चीला टेकवली. "न्याहारीला आमच्याकडे कांदा नसायचाच."

सासूबाईंच्या कण्याच आठवल्या असणार यांना. छावणीतून घरी येणाऱ्या यांच्या पत्रांत दर महिन्याला एकच वाक्य असायचं, "जेवणाचे हाल नाहीत, काळजी करू नये." ते खोटं नव्हतं, एवढंच त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी आम्ही भिजत घातले. एक कप भरडा, चार कप थंड पाणी. ढवळून पाच मिनिटं ठेवायचं, म्हणजे मक्याची सालं वर तरंगतात. ती छोट्या गाळणीनं अलगद काढून टाकायची, दोन-तीनदा. सालं राहिली तर कितीही शिजवा, दाताखाली येतात. पाणी मात्र फेकायचं नाही, त्यातच शिजवायचं. बाईंनी एक भांडं भरलं आणि लगेच दुसरं घेतलं.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक तू बिघडवशील म्हणून."

रविवार

सकाळी न्याहारीच्या वेळी यांचं पातेलं शेगडीवर चढवलं. जाड बुडाचं आहे, बाईंनी उचलून वजन पाहिलं आणि मान हलवली. आता रीत सांगते, जशी त्यांनी सांगितली तशी. आच मध्यम, आणि पहिली सात-आठ मिनिटं हात थांबवायचा नाही. मग एका क्षणी पातेल्यातलं चमच्याला धरायला लागतं, जड लागतं. तिथं आच अगदी कमी करायची, झाकण ठेवायचं, आणि दर पाच-सात मिनिटांनी बुडापर्यंत ढवळायचं. घट्ट झालं की शेजारी ठेवलेलं गरम पाणी पळीभर घालायचं. मीठ अर्ध्यात. असा पाऊण तास ते एक तास. लोणी आणि थोडी साय शेवटी, आच बंद केल्यावर.

ऐकायला सोपं आहे. वीस मिनिटांत मला वाटलं झालं. मी आच वाढवायला हात नेला, तर बाईंनी काठीच्या टोकानं माझा हात बाजूला केला. मग मधली पाच मिनिटं नुसतं उभं राहवेना, म्हणून मी त्यांचा ओटा पुसायला घेतला. ओटा झाला, नळाखालच्या दोन कपबश्या विसळल्या. खिडकीची काच जरा धुरकट दिसली...

"काय करतेस?"

"काही नाही, हाताबरोबर जरा पुसून घेते."

"तुला वास येतोय का?"

आला. बुडाला लागलं होतं.

बाईंनी ते शांतपणे दुसऱ्या भांड्यात काढलं, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. "श्रीला मी एकदाच सांगितलं होतं, तुला पण एकदाच सांगते. हा तास दुसऱ्या कशाला द्यायचा नाही. उभं राहायचं. बस."

मी पातेलं घासलं आणि दुसरं भांडं ओतलं. या वेळी उभी राहिले. खिडकीतून नदी दिसत होती, एक बोट वर चालली होती, इतकी हळू की चाललीय की थांबलीय ते कळेना. मला यांची आठवण आली, अगदी सरळ, नेहमीसारखी. घरी आली की मी काहीतरी काम काढते. इथं काढायला काही नव्हतं. चमचा फिरवत राहिले. रडूही आलं थोडं. बाई खुर्चीत बसून होत्या, त्यांनी पाहिलं आणि फक्त एकदा म्हणाल्या, "बुडापर्यंत."

पंचावन्न मिनिटांनी त्यांनी चमचा मागितला. बशीत थोडं सोडलं. ते पाण्यासारखं पळालं नाही आणि ढेकळासारखं बसलंही नाही, आपसूक पसरत गेलं आणि थांबलं. त्यांनी जिभेवर घेतलं.

"हं."

"चांगलं झालं?"

"ग्रिट्स झाले."

यापेक्षा जास्त कौतुक त्या करत नाहीत असं दिसतं. मी खाल्ले. दाणा कुठं लागला नाही. मक्याचा गोडसर वास, लोणी, मिरी. डोळे मिटले नाहीत मी, उघडेच ठेवले.

निघताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काय करता तुम्ही? खातं कोण?"

"आधी त्यांच्या नावानं पान वाढायचं. मग आपण जेवायचं."

"किती वाजता?"

"बाराच्या सुमारास."

"गेनाऊ, बरोबर. मी इथं बारालाच करते. गुडघ्यामुळे यायला जमायचं नाही, पण खायला काय."

परतीला गुंडेल्सहाइमहून थेट हायडेलबर्गची गाडी धरली. पातेलं मांडीवर होतं. समोरच्या बाईनं दोनदा त्याच्याकडे पाहिलं, मग विचारलंच, यात काय आहे? मी म्हटलं, काही नाही, रिकामं आहे. खरं तर तिला सगळं सांगायला मला आवडलं असतं.

घरी

आठवड्यात तीनदा केले. एकदा घट्ट, एकदा मीठ जास्त, एकदा बरे.

तिथीच्या दिवशी मंदार आणि यूलिया सकाळी नऊलाच आले. खीर, वडे, भाज्या मी पहाटे करून ठेवल्या होत्या, म्हणजे शेवटचा तास मोकळा राहील. आदल्या संध्याकाळी भिजवलेलं भांडं काढून शेगडीवर ठेवलं. मंदार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"ये की," मी म्हटलं.

"बाबा येऊ द्यायचे नाहीत."

"मलाही नाही. ये."

तो आत आला. थोडा वेळ पातेल्यात बघत राहिला. मग मी चमचा त्याच्या हातात दिला. त्याला लुसीलबाईंची गोष्ट अजून सांगितली नव्हती, फोनवर सांगायची नव्हती म्हणून. ती सांगायला घेतली. पोतंभर ग्रिट्स, लाह्यांचा वास, वाळू कुणी केली. "बाबांनी हात वर केला?" तो म्हणाला आणि हसायलाच लागला. मग त्यानं आपणहून सांगितलं, शाळेत असताना त्यानं गणिताच्या पेपरावर बाबांची खोटी सही केली होती आणि बाबांनी कशी पकडली. मला ते माहीत नव्हतं. यूलिया दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "सार्जंट पुढं काय म्हणाला?" ते मला ठाऊक नव्हतं.

"ढवळ," मी मंदारला म्हटलं. "बुडापर्यंत."

बाराला पान वाढलं. ग्रिट्स मंदारनं वाढले, वर लोणी त्यानंच घातलं. जाऊबाई व्हिडिओवर होत्या. "जरा जवळ ने फोन. हे होय ते? पांढरंशुभ्र झालंय की, खिरीसारखं. बिघडलं नाही ना?"

"नाही वहिनी."

"मग ठीक आहे."

आम्ही जेवायला बसलो. मंदारनं पहिला चमचा खाल्ला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बाबांचे जरा पातळ असायचे," तो म्हणाला.

"हो. थोडे."

"पण तेच आहेत, आई." त्यानं परत घेतले. यूलियानंही घेतले. साडेबाराला लुसीलबाईंचा फोनवर मेसेज आला, त्यांच्या रिकाम्या बशीचा फोटो.

ज्यांना नुसती नदी आणि किल्ले बघायचे असतील त्यांनीही या बाजूला जावं, दोन दिवस पुरतात. मला तिथून काय मिळालं ते सांगते. माणूस गेला की लोक त्याचं सगळं चांगलंच सांगतात. वर्षभर मी ते ऐकलं, आणि त्यातून हे थोडे लांब लांबच गेले. लुसीलबाईंनी यांची एक फजिती सांगितली आणि हे परत जवळ आले, लोण्यात पोतंभर ग्रिट्स भाजणारे, हात वर करणारे. जी चार वर्षं मला माहीत नव्हती त्यातली एक सकाळ आता माहीत आहे. बाकीच्या सकाळी विचारायला पुन्हा जाईन. बाईंची हरकत दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पातेल्यात उरलेले ग्रिट्स थिजून घट्ट झाले होते. मी त्यांच्या वड्या पाडल्या, तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी लालसर केल्या, तीन खाल्ल्या, दोन डब्यात घातल्या आणि कामाला गेले.